एक पेला कमी

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, आणि मला लिहायलाही. पण जिच्याबद्दल लिहायचं आहे तिला इंग्रजी येत नाही, आणि तिच्या माघारी तिच्याविषयी तिला न कळणाऱ्या भाषेत बोलणं मला बरं वाटत नाही. शिवाय इंग्रजीच्या जोरावर मी इथल्या पुष्कळ माणसांना आयुष्यभर गप्प बसवलं आहे. तेव्हा नातवंडांनो, मराठीतच लिहिते. अडलं तर आईला विचारा.

तुम्ही मागे परभणीला आलात तेव्हा चर्चच्या बाजूच्या खोलीत भोकं असलेल्या गोल तबकांशी खेळला होतात. ती प्रभुभोजनाच्या पेल्यांची तबकं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या मंडळीत प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी थोडा पाव आणि द्राक्षरस घ्यायचा असतो, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्याची सगळी तयारी माझ्याकडे आहे. शनिवारी काळ्या मनुका उकळायच्या, कुस्करायच्या, पातळ फडक्यातून गाळायच्या. हाच आमचा द्राक्षरस. रविवारी उपासनेतलं दुसरं गीत सुरू झालं की मी त्या खोलीच्या दारात उभी राहून डोकी मोजते, मुलं सोडून, आणि तितकेच पेले भरते. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली की आधी पावाचे तुकडे आणि मग तबक पहिल्या बाकापासून हातोहात मागे जातं. मी पुढच्या बाकावर बसायची, टेबलाच्या अगदी जवळ. शेवटी पेले गोळा करायचे, धुवायचे, फडक्यावर उपडे घालायचे, मोजून कपाटात ठेवायचे. कुठला पेला कधी आणि कुणाच्या हातून फुटला हेही मला सांगता येतं. तुमचे आजोबा म्हणायचे, स्वर्गाच्या दारात हजेरी घ्यायला तुलाच बसवतील. मला ती स्तुती वाटायची.

सात-आठ वर्षांपूर्वी एक पेला भरलेला परत यायला लागला.

पहिल्यांदा वाटलं, मोजण्यात चूक झाली. पुढच्या महिन्यात दोनदा मोजलं, तरी एक भरलेला. तिसऱ्या महिन्यात शंका आली की मी स्वतःलाच दोनदा मोजते आहे. मग मनाशी म्हटलं, कुणाला तरी साखरेचा आजार असेल, गोड टाळत असेल. कोण, हे शोधावं असं मनातही आलं नाही. उरलेला रस आम्ही मोरीत टाकत नाही, आवारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी घालतो. दर वेळी त्या एका पेल्यासाठी तिथवर जायचा मला कंटाळा यायचा. चौथ्या महिन्यापासून मी डोकी मोजून त्यातून एक वजा करू लागले. बरोबर जुळलं. त्यानंतर सात वर्षं एकही पेला उरला नाही, आणि त्याचं मला समाधान होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला माझा गुडघा सुजला. पाय लांब करून बसता यावं म्हणून माझी खुर्ची सगळ्यांत मागे, दाराजवळ ठेवली. पेले मी भरले, पण तबक पुढे नेऊन ठेवलं पाळकीणबाईंनी. माझ्या शेजारी, शेवटच्या बाकाच्या कडेला, वालूरच्या मावशी बसल्या होत्या.

त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहेत, पण सगळी मंडळी त्यांना मावशी म्हणते म्हणून मीही म्हणते. माहेर आणि सासर दोन्ही मेंढ्या-शेळ्या राखणारं. नवरा आधी आमच्या मंडळीत आला, त्याच्या मागून त्या. तो वारला, परभणीतली खोली सुटली आणि त्या मुलाकडे वालूरला राहायला गेल्या. तरी महिन्याचा पहिला रविवार कधी चुकवत नाहीत. सेलूपर्यंत जीपने येतात, पुढे रेल्वेने, आणि स्टेशनवरून चालत.

तबक आमच्यापर्यंत आलं तेव्हा त्यात एकच पेला होता. मावशींनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि पंगतीत शेजारच्याकडे भांडं सरकवतात तसं माझ्यापुढे केलं. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच म्हटलं, घ्या की.

"तुमी घ्या बाई," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. सवयीने बोलावं तसं त्या बोलल्या. मी पेला घेतला, प्यायले, आणि रिकामा पेला परत भोकात ठेवताना मला समजलं. आम्ही दोघी होतो आणि पेला एक होता. म्हणजे इतकी वर्षं मी जो वजा करत होते तो यांचा. आज त्यांच्या मनात आलं असतं, हात पुढे झाला असता, तरी दोघींपैकी एकीला पेला नव्हता. सात वर्षं त्या टेबलावर त्यांच्या नावाचा पेला भरलाच गेला नव्हता. मी तो आपल्या हाताने कमी केला होता आणि कुणाचा आहे हे मान वळवून बघितलंही नव्हतं. वर्गात फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावर कोण चिठ्ठी सरकवतंय हे मला कळायचं. देवाच्या घरात मात्र मला टेबलच दिसत होतं.

पेला परत यायला लागला त्याच्या आधी काय घडलं होतं, हे आठवायला मला दोन दिवस लागले. हे लिहायला लाज वाटते, कारण मावशींना ते आठवावं लागत नसणार.

प्रभुभोजनाचा पाव घराघरांनी पाळीने आणायचा, अशी आमची रीत आहे. पाळ्या मीच लावलेल्या. कोणी पातळ कापलेला आणायचं, कोणी गोड बन, म्हणून मी नियम लिहून कपाटाच्या दारावर आतून चिकटवले होते. त्यातला तिसरा, पाव बेकरीचाच असावा. मावशी तेव्हा परभणीतच राहायच्या; त्यांना वाचता येत नव्हतं, आणि त्यांची पाळी पहिल्यांदाच आलेली. त्या रविवारी बाहेरगावाहून मोठे पाळक येणार होते. मी टेबलावर नवी पांढरी चादर इस्त्री करून घातली होती. मावशींनी स्वच्छ धुतलेल्या कापडात गुंडाळून दोन ज्वारीच्या भाकरी आणल्या. नव्या ज्वारीच्या, अजून कोमट. माझ्या हातात देताना त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मी म्हटलं, "छान आहेत हो, मावशी."

त्या बाकावर जाऊन बसल्या. मी कपाटातून जादा ठेवलेला पाव काढला, कडा कापल्या, चौकोनी तुकडे करून ताटलीत रचले. भाकरीचा चुरा चादरीवर पडेल, पाहुण्यांना घास घशाखाली जाणार नाही, हे माझं कारण. तुकड्यांची ताटली मावशींपर्यंत गेली असेल तेव्हा त्यांनी काय पाहिलं असेल याचा मी विचार केला नाही. उपासनेनंतर मी त्या भाकरी त्याच कापडात नीट बांधून त्यांना परत दिल्या. घरी मुलांना होतील, असंही म्हणाले. फेकल्या नाहीत, परत दिल्या, म्हणजे आपण चांगलंच वागलो असं मला वाटलं होतं. पुन्हा त्यांना अवघडल्यासारखं नको म्हणून पाळीच्या यादीतून त्यांचं नाव मी काढलं आणि टेबलावरच्या फुलांचं काम त्यांना दिलं.

चुरा हे कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच होतं का, हे मी आता शपथेवर सांगू शकत नाही. माझी आजी, म्हणजे तुमची खापरपणजी, खेड्यात वाढली. तिच्या हातचं गावात चालत नसे. तिने दिलेलं लोक तोंडावर घेत, तिची पाठ वळली की जनावरांपुढे टाकत. ती हे सांगताना रडायची नाही, फक्त पदराला हात पुसत राहायची. त्यातून बाहेर पडावं म्हणून तर आमच्या घराने हा मार्ग धरला. मला बोर्डिंगात घातलं, इंग्रजी शिकवलं, काटा-चमचा धरायला शिकवलं. आणि तिची नात मोठी झाली, आणि तिनं एका बाईच्या हातच्या भाकरी हसत हसत परत केल्या.

गुडघ्याची सूज उतरल्यावर मी वालूरला गेले. परभणीहून सेलूला एसटीने, पुढे जीपने, पुढच्या सीटवर तिघींमध्ये. काय बोलायचं ते मी वाटेत मनाशी लावून ठेवलं होतं, अर्ज लिहावा तसं क्रमाने. मावशी दारातच ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, सुनेला पाणी आणायला सांगितलं, आणि माझ्या पायाची चौकशी केली. मी लावून ठेवलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले की त्या भाकरींच्या बाबतीत मी चुकले, मला माफ करा.

त्यांनी मला निरखून बघितलं, जणू एवढ्यासाठी कुणी एवढ्या लांब येतं का.

"तुमी काय फेकल्या न्हाईत बाई," त्या म्हणाल्या. "पोराबाळांनी खाल्ल्या. माफी कशाची? मी काय धरून बसले न्हाई."

मी म्हटलं, मग प्रभुभोजन का घेत नाही. त्यांनी सुपातला एक खडा काढून टाकला, मग आणखी एक.

"माज्या हातचं त्या टेबलाला चालत न्हाई, तर त्या टेबलावरचं माज्या तोंडाला कसं चालंल? माजं मला कळतंय की."

मी सांगायचा प्रयत्न केला की तसं नव्हतं, चुऱ्याचा प्रश्न होता, पाहुणे येणार होते. सांगताना माझं मलाच ते ऐकवेना. त्यांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पाहुण्यांचं असतंच तसं, म्हणाल्या. मग मी विचारलं की घ्यायचं नाही, तर दर महिन्याला एवढा प्रवास करून येता कशासाठी.

"पंगत बगायला," त्या म्हणाल्या. "ल्हान-मोठे समदे एका ताटातलं खातेत. लय चांगलं दिसतंय. तुमी पुढं बसता, तुमाला न्हाई दिसत तितकं."

टोमणा होता की काय, मला ओळखता आलं नाही. सून तोवर चुलीपुढे भाकरी थापत होती. मावशींनी तिला उठवलं आणि स्वतः बसल्या. मला पिठलं आणि भाकर वाढली. माझे दात आता भाकरीचे राहिलेले नाहीत, म्हणून कुस्करून, पिठल्यात कालवून खाल्ली. त्या समोर बसून बघत होत्या.

"जाड झाली का?"

"नाही. छान झाली आहे."

"त्या दिशीची बी अशीच व्हती."

मी मान खाली घालून खात राहिले. निघताना मी त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी तुम्ही भाकरी आणा, तीच टेबलावर राहील. त्या म्हणाल्या, कागदावर तर पाव लिहिलाय ना. कुणीतरी मागेच त्यांना वाचून दाखवलं होतं. कागद मी बदलून घेते, मी म्हणाले. त्यावर त्यांनी एकच गोष्ट बजावली, की कुणापुढे त्यांचं नाव काढायचं नाही. मंडळीत त्यांच्यावरून बोलणं झालेलं त्यांना नको होतं. मी शब्द दिला. जीपमध्ये बसले आणि लक्षात आलं की मागायला आले होते ती माफी मी घेऊन चालले नव्हते. ज्यानं काही धरूनच ठेवलं नाही म्हटलं, त्याच्याकडून सोडवून काय घ्यायचं?

पंचांच्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या मंडळीचा कारभार पाच पंच बघतात. त्यांतले दोघं माझ्या वर्गात शिकलेले. मी म्हटलं, आपण प्रभुभोजनाला ज्वारीची भाकर ठेवू या. कारण विचारलं तर मला सांगता येईना, शब्द दिलेला. म्हणून मी इकडचं तिकडचं बोलले: आपल्या भागाचं धान्य आहे, आपल्या उपासनेत शब्द तर भाकर असाच आहे. एक पंच उठला, कपाट उघडलं आणि माझा कागद मोठ्याने वाचला. मग म्हणाला, बाई, हे तुमचंच अक्षर ना. दुसरा म्हणाला, शाळेत बाईच सांगायच्या की कागदावर आलं ते पक्कं. सगळे हसले, मीही हसले. आज ज्वारीची आणू, उद्या कुणी बाजरीची आणील, परवा पुरणपोळी, असं तिसरे म्हणाले. जुन्या लोकांना पावाची सवय आहे, सणावाराला पाहुणे येतात, चादर खराब होते. चादरीचं ऐकून मी गप्प बसले. तो मुद्दा मीच त्यांना शिकवला होता.

पाळकसाहेब तुमच्या आईपेक्षा लहान आहेत, मनाने चांगले आहेत. ते म्हणाले, बाई, मनाला लावून घेऊ नका, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीत पुरेसे पंच आले नाहीत. त्याच्या पुढच्या बैठकीत पत्र्यांच्या गळतीवर बोलणं झालं. कुणी नाही म्हणत नाही. ज्या आवाजात मी मावशींना छान आहेत म्हणाले होते, त्याच आवाजात ते मला बघू म्हणतात, आणि मला तो आवाज चांगला ओळखू येतो.

कागद फाडून टाकावा असं एका सकाळी फार वाटलं. कपाटाचं दार उघडून उभी राहिले. पण आता तो माझा राहिला नव्हता. त्याखाली पाळकसाहेबांची सही आणि मंडळीचा शिक्का आहे. तोही मीच मागून घेतला होता. मनात येईल तेव्हा फाडायचा, तर मग मनात आलं म्हणून भाकरी बाजूला ठेवणारी ती मीच ना.

माझ्या हातात एकच गोष्ट उरली. मी वजा करणं बंद केलं. डोकी मोजते तितके पेले भरते, आणि खुर्ची मागेच ठेवायला सांगते, गुडघा बरा झाला तरी. तबक येतं, त्यात दोन पेले असतात. मावशी ते माझ्यापुढे करतात. मी एक घेते. दुसरा तसाच राहतो. त्या बघतात. पहिल्या खेपेला तो पेला तोंडाजवळ नेताना मला वाटलं की आपणही नको घ्यायला, यांच्यासारखं नुसतं बसावं. पण तेही त्यांच्यापुढे मिरवल्यासारखं झालं असतं. घेतला.

या महिन्यात मावशींच्या परतीच्या गाडीला वेळ होता. उपासनेनंतर मी स्टुलावर बसून पेले धूत होते, तेव्हा त्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्या भाकरींच्या दिवसानंतर या खोलीत त्यांनी पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. फुलंसुद्धा बाहेरच ठेवून जायच्या. मी स्टूल जरा बाजूला सरकवलं. त्या आत आल्या, दोरीवरचं कोरडं फडकं घेतलं आणि पेले पुसायला लागल्या. मी धुवायचे, त्यांनी पुसायचे. त्यांचं पुसणं माझ्यापेक्षा हळू, पेला उजेडाकडे धरून बघायच्या. मी सांगितलं नसतानाही पालथे घालत होत्या. तबकात शेवटी तो एक भरलेला राहिला.

"ह्यो राहिला की," मावशी म्हणाल्या.

"तो तुमचा आहे."

त्यांनी हातातला पेला पुसून ठेवला.

"दर खेपेला भरता का?"

"आता भरते. आधी भरत नव्हते. मोजून एक कमी करायची."

हे मी त्यांना वालूरला सांगितलं नव्हतं. सांगायला गेले होते भाकरींचं, आणि हे माझ्याच्याने निघालं नव्हतं. मला वाटलं, आता त्या फडकं ठेवून जातील. त्या तिथेच उभ्या राहिल्या, फडक्याची घडी घालत, मोडत, परत घालत.

"किती वर्सं?"

"सात."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती लागत नव्हती. ती लागल्यावर मावशींनी भरलेल्या पेल्याकडे बोट केलं.

"अन् आता उरतो त्याचं काय करता?"

"कडुलिंबाच्या बुडाशी घालते."

"मंजी लिंबाचं चांगलं चाललंय म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मला हसावं की नाही कळेना. माझे डोळे भरून आले होते. "काऊन रडायलात? म्हातारपणी डोळे खराब होतेत." त्यांनी ते फडकं माझ्या हातात दिलं, पेले पुसायचं ओलं फडकं, आणि मी त्यानेच डोळे पुसले. एरवी कुणी तसं केलं असतं तर मी ते फडकं पुन्हा उकळून घेतलं असतं.

मी विचारलं, पुढच्या महिन्यात घ्याल का. त्यांनी पिशवी उचलली, पदर खोचला. स्टेशनवर चालत जायला इतका वेळ लागतो, गाडीत जागा मिळत नाही, सूनबाईचे दिवस भरत आलेत, असं काहीबाही बोलत दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या.

"भरीत जावा," त्या म्हणाल्या. "मी घेईन का न्हाई ते मला बी ठावं न्हाई. पर भरीत जावा."

मी कपाट लावलं. आतल्या दारावर माझा कागद होता तसाच आहे. मग तो पेला घेऊन कडुलिंबाजवळ गेले. फाटकातून मावशी रस्त्याने जाताना दिसत होत्या, छत्री उघडून, उन्हामुळे. पेला ओतवेना. त्या वळणाआड जाईपर्यंत तसाच हातात धरून उभी होते. मग गुडघा दुखायला लागला, आणि ओतला.